ब्रॉल स्टार्स, पोकेमॉन युनाइट की ब्रॉलहाला: आमच्या रेंजमध्ये कोणता बसतो?

खानापूरच्या दोस्ताची मागणी सरळ होती. "फोनवरचा खेळ पाहिजे, फुकट पाहिजे, चौघांना मिळून खेळता आलं पाहिजे, आणि मध्येच घरातनं हाक आली तर बाकीच्यांच्या शिव्या खायला लागू नयेत. असलं काय असेल तर सांग की." पहिल्या दोन अटीत बसणारे खेळ रगड आहेत. तिसऱ्या अटीनं माझे तीन आठवडे खाल्ले.

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. मी बेळगावात उद्यमबागेत पाळीनं कामाला. एक खानापूरच्या पुढं जांबोटी रस्त्याला राहतो. पावसाळ्यात त्याची रेंज म्हणजे पाहुण्यासारखी, आली तर आली. एक निपाणीचा, घरात बरा कॉम्प्युटर असलेला. चौथा माझा भाचा, टिळकवाडीत नववीला. आम्हा तिघांचे फोन चार वर्षांपूर्वीचे, भाच्याचा तर त्याच्या आईचा जुना.

पूर्वी आम्ही पबजीवाले. सप्टेंबर २०२० मध्ये तो बंद झाला, जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय म्हणून परत आला, पण तोवर एकाचं लग्न झालं, माझी रात्रपाळी लागली आणि अर्धा अर्धा तास एका डावात बसायची सवयच गेली. म्हणून छोट्या मैदानातला, संघानं लढायचा, लवकर आटपणारा खेळ शोधायला लागलो. या जातीतला मोबाइल लेजेंड्स २०२० च्या जूनमधल्या चिनी ॲपवरच्या बंदीत गेला, अरीना ऑफ व्हॅलर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. उरलेल्यातनं तीन उतरवून घेतले. खाली जे आहे ते तीन आठवड्यांचं मत आहे. वर्षभर खेळलेला माणूस काही ठिकाणी मला हसेल.

ब्रॉल स्टार्स फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा, डिसेंबर २०१८ पासून सगळीकडं मिळतो. बहुतेक डाव तिघांविरुद्ध तिघं. मैदान वरनं दिसतं, डाव्या अंगठ्यानं पळायचं, उजव्यानं नेम धरून मारायचं. हाताशी एका वेळी तीनच मारे असतात. ते संपले की भरेपर्यंत झुडपात दडून बसायचं. समोरच्याला मार लागेल तसा आपला मोठा डाव भरत जातो, त्याला ते सुपर म्हणतात. शिकायला एक संध्याकाळ पुरते.

यात आम्ही सगळ्यात जास्त खेळलो ते जेम ग्रॅब. मध्यभागी एक खाण, तिच्यातनं एकेक जांभळा खडा बाहेर पडतो. ज्या संघाकडं दहा खडे जमतात त्यानं पंधरा सेकंद ते सांभाळायचे की डाव त्याचा. खडे घेतलेला गडी मेला की त्याच्याकडचे सगळे तिथंच सांडतात आणि समोरचे तुटून पडतात. लगोरी खेळलेल्याला यातली मजा सांगायला लागत नाही. म्हणजे ज्याच्याकडं जास्त खडे त्यानं मागं सरायचं, बाकी दोघांनी पुढं उभं राहायचं. एवढं साधं शहाणपण. आमचा भाचा मात्र नऊ खडे खिशात घालून समोरच्याच्या झुडपात घुसतो. त्याचा आवडता गडी एडगर, उडी मारून अंगावर जाणारा. "मामा, एकाला मारून आलोच." येत नाही. तो मरतो, खडे सांडतात, पंधरा सेकंदातले बारा झालेले असतात. पण हरलेला डाव तीन मिनिटांतला असतो, राग दुसऱ्या डावापर्यंतही टिकत नाही, आणि पुढच्याला पुन्हा हसत बसतो.

ब्रॉल बॉलही बरा. चेंडू गोलात दोनदा घालायचा. अडीच मिनिटांत निकाल लागला नाही तर मैदानातल्या भिंती गायब होतात आणि उघड्यावर मारामारी. खुर्चीवरनं उठून खेळायचं असेल तर हा.

पोकेमॉन युनाइटचा स्वभाव दुसरा. तो टिमी स्टुडिओनं बनवलेला; जुलै २०२१ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या खेळायच्या यंत्रावर आला, त्याच सप्टेंबरात फोनवर. पाचांविरुद्ध पाच, आणि डाव दहा मिनिटांचा. वाटेतले जंगली पोकेमॉन मारून गुण गोळा करायचे आणि समोरच्याच्या गोलात नेऊन ओतायचे. ओतताना थोडा वेळ एका जागी उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात कुणी टोला हाणला की ओतणं मोडतं. जेवढं जास्त सोबत आणलं तेवढा जास्त वेळ उभं राहायचं. ही एक गोष्ट मला फार आवडली. हावरेपणाची शिक्षा खेळातच ठेवलीय, वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. डाव चालू असताना धावफलक दिसत नाही. आपण पुढं की मागं याचा अंदाज येतो, नेमका आकडा शेवटालाच कळतो. शेवटच्या दोन मिनिटांत ओतलेले गुण दुप्पट धरतात, आणि त्याच वेळेला मैदानाच्या मध्यावर रेक्वाझा नावाचा मोठा पोकेमॉन उतरतो. त्याला जो संघ पाडतो त्याच्या सगळ्या गड्यांना कवच मिळतं. त्यामुळं आठ मिनिटं मार खाल्लेला संघही शेवटी उलटवू शकतो. हे काही जणांना अन्याय वाटतं. निपाणीचा तर म्हणतो, "मग आधीची आठ मिनिटं कशाला? नुसतं टाइमपास काय?" मला तसं वाटत नाही. आधीच्या आठ मिनिटांत कोण किती वाढलं यावर तो रेक्वाझा कुणाला पडणार हे ठरतं. पण त्याचंही बरोबर आहे की नवख्याला हे आठ-दहा डाव हरल्याशिवाय कळत नाही.

युनाइटमध्ये संघ जुळवायला डोकं लागतं. गड्यांचे पाच प्रकार: अटॅकर, डिफेंडर, सपोर्टर, स्पीडस्टर, ऑल-राउंडर. पाचही जणांनी नुसते मारणारे घेतले की पाचही मरतात. आमच्यात खानापूरचा स्नॉरलॅक्स घेतो, पुढं भिंतीसारखा उभा राहतो. त्याची रेंज गेली तरी निदान अंगावर मार झेलायच्या कामाचा राहतो, असं आम्ही त्याला चिडवतो. मी ब्लिसी घेऊन बाकीच्यांची मलमपट्टी करत फिरतो. वय झालं म्हणायचं. पण खरं सांगू, ब्रॉल स्टार्समध्ये जिंकल्यावर बरं वाटतं, युनाइटमध्ये जिंकल्यावर आपण पाच जणांनी मिळून काहीतरी केलं असं वाटतं. गल्लीत मंडळाचा मांडव उभा करून घरी जाताना वाटतं तसं.

आता तिसऱ्या अटीकडं येतो, कारण सगळं तिथंच अडतं.

आमच्याकडं जून ते सप्टेंबर संध्याकाळी लाइट कधी जाईल सांगता येत नाही. लाइट गेली की वायफाय बसतं, फोन डेटावर यायला दहा-पंधरा सेकंद खातो, आणि जांबोटी रस्त्याला तर डेटाही नसतो. ब्रॉल स्टार्समध्ये अशा वेळेला तुमच्या जागी यंत्राचा गडी खेळायला लागतो आणि परत आलात तर डावात शिरता येतं. नाहीच आलात तरी बाकी दोघांची दोन मिनिटं गेली, एवढंच. युनाइटमध्ये दहा मिनिटांचा डाव चौघांनी ओढायचा. वर तिथं वागणुकीचे शंभर गुण असतात. डाव सोडून गेलं की ते कापले जातात, आणि ऐंशीच्या खाली घसरलं की रँकचे, म्हणजे दर्जा ठरवणारे डाव बंद. खेळ सोडून पळणाऱ्यांसाठी हा नियम योग्यच आहे. पण लाइट गेली की माणूस पळाला, हे त्या यंत्राला वेगळं कळत नाही. पहिल्या आठवड्यात खानापूरचा दोनदा ऐंशीच्या खाली गेला आणि आम्ही तिघं त्याच्यासाठी साधे डाव खेळत बसलो.

आईची हाक, गिऱ्हाईक, सुपरवायझरचा फोन, हे सगळं यातच आलं. तुमच्या दिवसात सलग दहा मिनिटं कुणी न छेडणारी मिळत असतील तरच युनाइटला हात घाला. ऐकायला दहा मिनिटं काहीच नाहीत. पाच जणांची तीच दहा मिनिटं एकाच वेळी जुळवून बघा.

फोनचं म्हणाल तर ब्रॉल स्टार्स आमच्या तिन्ही जुन्या फोनांवर सुरळीत चालला. युनाइट चालतो, पण चित्र कमी करून, आणि तीन डावांनंतर माझा फोन तव्यासारखा तापतो. भाच्याच्या फोनवर तर पाच-पाच जण एकदम भिडले की पडदा अडखळतो. जागाही युनाइट जास्त खातो; लग्नाचे व्हिडिओ फोनमध्ये ठेवायची सवय असेल तर आधी ते काढा.

बोलण्याची सोय युनाइटमध्ये आतच आहे, आवाजानं बोलता येतं. ब्रॉल स्टार्समध्ये डावात नुसत्या चित्रखुणा. आम्ही फोनवर कॉन्फरन्स लावतो, त्यामुळं फरक पडला नाही.

पैशाचं मात्र नीट ऐका, विशेषतः घरात शाळकरी पोर असेल तर. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही तुमच्या खिशाकडं बघत असतात. ब्रॉल स्टार्समध्ये गडी नव्वदहून जास्त, आणि प्रत्येकाची ताकद पहिल्या पातळीपासून अकराव्यापर्यंत वाढवायची. एका गड्याला वरपर्यंत न्यायला ७,७६५ नाणी लागतात, शिवाय त्याचे पॉइंट वेगळे, त्याच्या खास करामती वेगळ्या. फुकटात मिळणाऱ्या नाण्यांत दोन-तीन गडी नीट वाढवता येतात. सगळे वाढवायला गेलात तर कुणीच वाढत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी नशिबाच्या पेट्या काढून टाकल्या म्हणून कौतुक झालं, मग पुढच्या वर्षी स्टार ड्रॉप आणले. टिचकी मारत बसायचं, काय निघेल ते नशीब. पेटीचं नाव बदललं, दुसरं काय. बक्षिसांचा पास पूर्वी खेळातल्या हिऱ्यांत घेता यायचा, २०२४ पासून खऱ्याच पैशात मिळतो.

युनाइट सुरुवातीला याबाबतीत जास्त बदनाम होता. गड्याच्या अंगावर तीन वस्तू बांधायच्या आणि त्यांची पातळी वाढवत न्यायची; २०२१ मध्ये पैसे टाकून ते पटकन करता यायचं, म्हणून लोक भडकले होते. पुढं वाढवायची सोय बरीच सैल केली. माझ्या तीन आठवड्यांत पैसे टाकणाऱ्यानं मला मारलं असं मला तरी जाणवलं नाही. माझ्याहून चांगला खेळणाऱ्यानं मारलं, ते रोज.

सासरे मध्येच विचारून गेले, "हे पैसे लावायचं तर नाही ना?" नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात हे बसत नाहीत. इथं जिंकून पैसे मिळत नाहीत, जातात तेवढे जातात. तरी पोराच्या हातात फोन देण्याआधी खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

ब्रॉलहाला तिसरा. हा ब्लू मॅमथचा, ही कंपनी २०१८ मध्ये युबिसॉफ्टनं घेतली. फोनवर ऑगस्ट २०२० पासून. खरं तर याची जागा वेगळीच आहे. इथं रक्त शून्यावर आणायचं नसतं, मार खाऊन खाऊन हलका झालेल्या गड्याला आखाड्याबाहेर उडवायचं असतं. प्रत्येक गड्याची दोन हत्यारं ठरलेली. बॉडव्हारकडं तलवार आणि हातोडा, हात्तोरीकडं तलवार आणि भाला. पैशाच्या बाबतीत तिघांत सगळ्यात स्वच्छ हाच. दर आठवड्याला काही गडी फुकट फिरतीवर असतात, बाकीचे खेळून कमावलेल्या सोन्यात, आणि पैसे टाकून कुणाची ताकद वाढत नाही. सगळे गडी एकदम हवेत तर एकदाच पैसे भरायचे, विषय संपला.

मग अडचण कुठं? काचेवर. फोनच्या काचेवर अंगठ्यानं ही मारामारी होत नाही. उडी, पलटी, फटका सगळं अर्ध्या सेकंदात करायचं असतं आणि बोट घसरतं. निपाणीला गेलो तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवर खेळलो, एक कीबोर्डवर, एक कंट्रोलरवर, आणि मग कळलं हा खेळ काय आहे. रात्रीचे दोन वाजले. वहिनींनी दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा नुसत्या बघून गेल्या. जोडीनं खेळताना आपला फटका आपल्याच माणसालाही लागतो, त्यामुळं भांडणाची सोय आहेच. पण संघ म्हणाल तर बहुतेक दोघांचा; चौघांना एकत्र बांधणारा हा खेळ नाही.

तर खानापूरच्याला मी सांगितलं: ब्रॉल स्टार्स ठेव. चौघांतले तिघं जमले की डाव, चौथा बाहेर बसून बघतो आणि पुढच्याला आत येतो. हाक आली, लाइट गेली, काही बिघडत नाही. पुण्याला किंवा बेळगाव शहरात पक्कं वायफाय आणि इन्व्हर्टर असलेल्या, पाच जण जमवू शकणाऱ्या माणसाला मी हेच सांगणार नाही, त्यानं सरळ युनाइट घ्यावा. घरात कॉम्प्युटर आणि शेजारी बसणारा एक दोस्त असेल तर ब्रॉलहाला. आणि कोणताही घेतलात तरी पहिल्या आठवड्यात एक रुपया टाकू नका, कारण तेव्हा आपल्याला कोणता गडी जमतो हेच माहीत नसतं.

मी मात्र रविवारी रात्री युनाइट सोडलेला नाही. साडेनऊला, जेवणं झाल्यावर, लाइट असेल तर. पाचवा गडी आम्हाला मिळत नव्हता. भाच्याच्या वर्गातला एक कन्नड पोरगा आता येतो. त्याला मराठी समजतं, बोलताना लाजतो, आणि डाव तापला की कन्नडवर येतो. शेवटच्या दोन मिनिटांत तो "लगून बा, लगून बा" (लवकर ये) म्हणून ओरडायला लागला की आमचा स्नॉरलॅक्स जांबोटी रस्त्यावरनं, दोन सेकंद उशिरा का होईना, रेक्वाझाकडं वळतो.