पॉल जॉनच्या तीन बाटल्या, आठ महिन्यांनंतर

गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉन सिंगल माल्टच्या (म्हणजे एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या जवापासून केलेल्या व्हिस्कीच्या) ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड या तीन बाटल्यांबद्दल बहुतेकांचं मत सील तोडल्या रात्रीच पक्कं होतं. घोटाळा तिथेच होतो. दर आठवड्याला प्रत्येकीतून १५ मिली, असं आठ महिने चाखल्यावर पहिल्या आठवड्यातली जवळजवळ सगळी टिपणं खोडावी लागली. तुलनेला शेजारी अमृत फ्यूजन ही भारतीय माल्ट आणि आर्डबेग १० ही धुरकट स्कॉच होत्या.

हीच तिघं निवडण्याचं कारण साधं आहे. तिन्ही एकाच डिस्टिलरीच्या, तिन्ही ४६ टक्क्यांच्या, सहा ओळींच्या भारतीय जवाच्या, बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरलेल्या. वयाचा आकडा एकीवरही नाही. चिल फिल्टरेशन, म्हणजे थंड करून गाळणं, नाही; वरून घातलेला रंगही नाही. फरक उरतो तो पीटच्या, म्हणजे जव सुकवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या, धुराचा: ब्रिलियन्समध्ये नाही, एडिटेडमध्ये बेताचा, बोल्डमध्ये भरपूर. बिनधुराच्या ग्लेनफिडिकशेजारी धुरकट लॅफ्रॉइग, अशा दोन स्कॉच ठेवून पीट शिकायला जावं तर तिथे भट्टी, पाणी, पिंपं, वय असं सगळंच वेगळं. नेमकं कशामुळे काय होतंय ते कळायचं कसं? इथे एकच धागा ओढता येतो.

आधी तयारीबद्दल, कारण आपल्याकडे निम्मे अभिप्राय इथेच नासतात. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न हा व्हिस्की चाखण्याचा खास ग्लास उत्तम, नसेल तर वाईनचा छोटा ग्लास चालतो. रुंद तोंडाचा जाड बुडाचा ग्लास बर्फासाठी ठीक, वासासाठी निकामी. भांड्यांच्या साबणाने धुतलेल्या ग्लासला लिंबाचा वास राहतो आणि मग ब्रिलियन्समध्ये लोकांना ‘सिट्रस’ सापडतं. गरम पाण्याने धुवून, कपड्याने न पुसता, उताणा सुकू द्यावा. प्लायच्या कपाटात पालथा ठेवलेला ग्लास बंद हवा धरून ठेवतो, तो ओतण्याआधी परत विसळावा.

दुसरी अडचण हवामानाची. मे महिन्यात मुंबईच्या खोलीत ३३ अंशांवर ओतलेली ४६ टक्क्यांची व्हिस्की नाकात सुई टोचल्यासारखी जाते, कारण अल्कोहोल भराभरा उडतं आणि बाकी वास त्याखाली दबतात. म्हणून भारतीय माल्ट ‘रॉ’ आहे असा शिक्का बसतो. बर्फ टाकणं हा उपाय नव्हे, थंडीने वासच गोठतो. रिकामा ग्लास सहा-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावा, बाहेर काढून आतली दमट वाफ झटकावी आणि मग ओतावं. व्हिस्की २० ते २२ अंशांच्या आसपास आली की काम झालं. ग्लास दांडीला किंवा बुडाला धरावा, तळहातात घेऊन बसू नये.

एका बैठकीत तीनच, प्रत्येकी १५ मिली, मध्ये वीस मिनिटं. आधी धूर नसलेली, शेवटी सर्वांत धुरकट. उलट क्रम लावला तर बोल्डनंतर ब्रिलियन्स साखरेच्या पाण्यासारखी लागते. चखण्याला तिखट शेव-फरसाण किंवा मसाला शेंगदाणे नकोत. कोरडा पाव किंवा मुरमुरे पुरेत.

आता बाटल्या. ब्रिलियन्स पहिल्या दिवशी अगदी सरळ वाटते: मध, पातळ काकवी, दालचिनी, आणि मागे भाजलेल्या बेसनाचा खमंगपणा. हा खमंगपणा सहा ओळींच्या जवाचा. त्यात स्टार्च कमी, प्रथिनं आणि टरफल जास्त. अल्कोहोल कमी उतरतं, पण चव जाडसर, तेलकट येते. जीभेवर साधारण दहा सेकंदांनी कच्ची सुपारी चघळल्यासारखा तुरटपणा येतो. हा दोष धरायचा की गुण, यावर मतभेद आहेत. कारण मात्र स्पष्ट आहे. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत लाकूड झपाट्याने उतरतं आणि पिंपातून दर वर्षी सुमारे ८ टक्के माल हवेत जातो, स्कॉटलंडात हेच प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास. वाफ होऊन उरतो त्या मालात लाकडाचा तुरट अंश, म्हणजे टॅनिन, दाटतो. स्कॉचच्या बारा वर्षांशी इथली वर्षं मोजून तुलना करणं म्हणूनच फोल आहे.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात, बाटली खांद्यापर्यंत उतरली की, ब्रिलियन्स खुलते. अल्कोहोलची धार बसते आणि मधाखालून पिकल्या केळ्याचा, थोडा फणसाच्या गऱ्यांचा वास वर येतो. हीच तिची सर्वोत्तम वेळ, आणि ती साधारण पाचव्या महिन्यापर्यंत टिकते. निम्मी बाटली रिकामी झाल्यावर मात्र ती चटकन ढेपाळते. आधी दालचिनी जाते, मग फळं. आठव्या महिन्यात गोड आणि तुरट एवढंच उरलं होतं. तिघींत सर्वांत आधी संपवायची ती हीच.

बोल्डचं उलट. उघडल्यावर ती उद्धट वाटते: ओल्या लाकडाची चूल नुकती पेटवलेली, पुढे मीठ, मागे मिरपूड, आणि गोडवा कुठे शोधूनही मिळत नाही. अनेकजण इथेच तिला नाकारतात. दोन महिने थांबलं की धुराची वरची काजळी झडते आणि खालचा गूळ दिसायला लागतो. चौथ्या महिन्यात तिचा वास थेट चुलीवर थोड्या धुरकटलेल्या बासुंदीचा होता. आर्डबेग शेजारी ठेवल्यावर धुराधुरातला फरक कळतो. दोन्ही ४६ टक्के, म्हणून तुलना रास्त. आर्डबेगचा धूर डांबराचा, टिंक्चर आयोडीनचा, वर लिंबाची साल. बोल्डचा धूर शेगडीचा आणि गोडावर बसलेला. आर्डबेगच्या माल्टमध्ये सुमारे ५५ पीपीएम (दशलक्षात ५५ भाग) फेनॉल, म्हणजे धुराचा वास देणारी द्रव्यं, असतात हे सगळे सांगतात, पण तो आकडा धुरावर सुकवलेल्या जवाचा आहे, बाटलीतल्या मालाचा नाही. उर्ध्वपातनात आणि पिंपात त्यातला बराच भाग गळतो. कोणत्या टप्प्यावर भट्टीतून हृदयभाग, म्हणजे उतरणाऱ्या मालातला मधला ठेवायचा भाग, कापून घेतला यावर धुराची जात ठरते, कारण जड फेनॉल उशिरा उतरतात. तेव्हा पीपीएम बघून बाटली घेणं म्हणजे मिरच्या मोजून रस्सा जोखणं.

एडिटेडबद्दल मत सर्वांत जास्त बदललं. पहिल्या महिन्यात ती धड इकडची ना तिकडची वाटते. खरं तर तिघींत तीच सर्वांत टिकाऊ निघाली. कोको, थोडी कॉफी, मध आणि लांबून येणारा धूर हा तोल दुसऱ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत फारसा हलला नाही. एकच बाटली घ्यायची तर हीच घ्यावी. फ्यूजन तिच्याच वाटेवरची, २५ टक्के स्कॉटिश पीटेड जव आणि ७५ टक्के भारतीय जव, पण ५० टक्क्यांची. ती अधिक भरदार आहे, संत्र्याची साल आणि डार्क चॉकलेट तिच्यात स्वच्छ मिळतं. मात्र पाण्याशिवाय प्यायली तर पहिले दोन घोट फुकट जातात.

पाण्याचं गणित अंदाजावर सोडू नये. औषधाच्या दुकानात मिळणारी ५ मिलीची सिरिंज, सुई काढून, याहून चांगलं साधन नाही. ४६ टक्क्यांच्या १५ मिलीत सव्वादोन मिली पाणी घातलं की ती ४० वर येते, ४.७ मिली घातलं की ३५ वर. ५० टक्क्यांच्या फ्यूजनला ४० वर यायला पावणेचार मिली लागतं. अर्धा-अर्धा मिली घालून, प्रत्येक वेळी मिनिटभर थांबून वास घ्यावा. स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकी मॉडेलवर दाखवलं की पाणी घातल्यावर धुरकट वासाचा ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. बोल्डमध्ये ४० टक्क्यांच्या जवळ धूर जास्त मोकळा का होतो, ते यातून समजतं. ब्रिलियन्सला मात्र १ मिलीपुढे पाणी मानवत नाही, चव पातळ होऊन तुरटपणा तेवढा उघडा पडतो. बोअरचं जड पाणी वापरू नये. आणि थंड पाण्याने ग्लासात धुकं आलं तर माल खराब समजू नका. चिल फिल्टरेशन न केल्याने राहिलेली मेदाम्लांची एस्टर गोठून दिसतात, एवढंच. चवीला जाडी त्यांचीच असते.

साठवणीत तीन चुका सर्रास होतात. बाटली वाईनसारखी आडवी ठेवतात. व्हिस्कीचं अल्कोहोल बुचाला खातं, ती उभीच हवी. खिडकीत ठेवतात. तिसरी, आणि सर्वांत महागात पडणारी, म्हणजे खंबा (मोठी बाटली) पाव उरला तरी त्याच बाटलीत ठेवतात. अर्ध्यावर आल्याबरोबर १८० मिलीच्या काचेच्या क्वार्टरमध्ये गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करावं. रमचा क्वार्टर वापरत असाल तर झाकण नवं घ्या, जुन्या झाकणाच्या आतल्या चकतीतून रमचा वास कितीही धुतलं तरी जात नाही. निम्म्यावर असताना तिन्हींचा असा एकेक क्वार्टर बाजूला काढला होता. आठव्या महिन्यात ब्रिलियन्स आणि बोल्डमध्ये मूळ बाटली आणि क्वार्टर यांतला फरक डोळे झाकून ओळखता आला, एडिटेडमध्ये नाही.

ही ओळखही नीट तपासावी लागते. तीन सारखे ग्लास, दोनांत एक माल, तिसऱ्यात दुसरा. ओतणारा वेगळा, खुणेचा कागद बुडाखाली. वेगळा ग्लास नुसत्या नशिबाने सापडण्याची शक्यता तीनात एक असते. पाच फेऱ्यांत चार किंवा पाच वेळा बरोबर येणं नशिबाने सुमारे साडेचार टक्केच घडतं, म्हणून चाराच्या खाली असेल तर ‘मला फरक कळतो’ म्हणू नये. पाचही फेऱ्या एका रात्रीत करू नका, तिसरीनंतर नाक थकतं.

बुचाबद्दल एक तक्रार राहते. सहाव्या महिन्यापर्यंत बोल्डचं बूच इतकं कोरडं झालं की उघडताना तुकडा गळ्यात राहिला. महिन्यातून एकदा बाटली क्षणभर तिरकी करून बूच ओलं केलं असतं तर हे टळलं असतं. तुकडे पडलेच तर कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून घ्यावं. कागद आधी गरम पाण्याने ओला करून ते पाणी फेकून द्यावं, नाहीतर पुठ्ठ्याची चव उतरते.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. गोव्यात याच बाटल्या महाराष्ट्रापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात, पण फरक कराचा आहे. परमिट नसताना त्या गाडीत घालून गोवा-महाराष्ट्र सीमेजवळचा इन्सुलीचा नाका ओलांडायला जाऊ नये. आणि तिन्ही एकाच काळात चाखायच्या असतील तर ब्रिलियन्स शेवटी उघडा, बोल्ड दोन महिने आधी.