विशेष शाळा की झेडपीच्या शाळांवर फिरतं काम? खान्देशात स्पेशल बीएडनंतर काय निवडायचं

स्पेशल डीएड किंवा बीएड, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवायचा कोर्स, झालं की आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरापोरींसमोर मुख्य रस्ते दोनच, एक संस्थेची विशेष शाळा आणि दुसरा झेडपीच्या शाळांवर फिरणारा विशेष शिक्षक. आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन दोन्हीकडे लागतंच, पण रोजचं काम एकदम वेगळंय.

विशेष शाळेत मुलं दिवसभर तुमच्यासमोर असतात, बरीचशी वसतिगृहातच राहतात, आणि शेजारच्या वर्गात जुने शिक्षक असतात, ही गोष्ट नवख्यासाठी फार मोठी आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं तर आपण बटण काजातून अर्धं बाहेर काढून द्यायचं आणि त्याने फक्त शेवटचं ओढायचं, ते जमलं की त्याच्या आधीची पायरीपण त्याची, असं मागून पुढे यायचं, म्हणजे मूल दरवेळी काम पूर्ण करूनच थांबतं. पुस्तकात हे दोन ओळीत आटपतं, पण हात किती धरायचा आणि कधी सोडायचा ते कुणाच्या तरी शेजारी बसूनच कळतं.

फिरत्या कामात असं शेजारी कुणी नसतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, तुम्ही शिकलात एकात, आणि शाळेत समोर कोणतंही मूल येऊ शकतं. पण फरक किती पटकन पडतो ते इथेच दिसतं. मागच्या बाकावर 'ढ' म्हणून बसवलेल्या पोरीला खरं तर फळाच नीट दिसत नसतो, तिला पुढे बसवा, जाड काळ्या पेनाने मोठ्या अक्षरात लिहून द्या, ती वाचायला लागते. घरी जाऊन "तुनं नाव काय शे?" असं अहिराणीत विचारलं तर जे मूल शाळेत तोंड उघडत नव्हतं ते बोलतं, आणि धडगाव, मोलगीकडे पावरी-भिली थोडीतरी शिकावीच लागेल. तिकडे गाडी स्वतःची हवी, पावसात घाटाचे हाल होतात, आणि दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातकडे निघाले की मूलपण जातं आणि त्याच्यासाठी बनवलेला तुमचा शिकवण्याचा आराखडा तिथेच थांबतो. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) पालकांना जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत न्यायचं कामही बरेचदा तुमच्यावरच येतं.

पगाराचं बोलायचं तर अनुदानित विशेष शाळेत वेतनश्रेणी मिळते पण जागा क्वचित निघतात आणि काही संस्था पैसे मागतात, तिथून सरळ उठून या, कर्ज काढून नोकरी घेऊ नका. विनाअनुदानित असेल तर पगार किती आणि कधी होतो ते तिथल्या शिक्षकांनाच विचारा. फिरतं काम वर्षानुवर्षं कंत्राटी होतं, 2024 मध्ये राज्याने विशेष शिक्षकांची 4860 पदं मंजूर केली त्यामुळे आता जरा आशा आहे.

माझं मत विचाराल तर आधी एकदोन वर्षं विशेष शाळेत काढा, भले पगार कमी मिळो, आणि मग झेडपीकडे जा, कारण सातपुड्यातल्या पाड्यावरचं मूल विशेष शाळेपर्यंत पोचतच नाही, तुम्हालाच त्याच्यापर्यंत जावं लागतं. घरची जबाबदारी असेल, रोजचा प्रवास झेपत नसेल तर विशेष शाळेतच थांबा, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि अजून ॲडमिशन घेतलं नसेल तर कॉलेजला त्या वर्षासाठी आरसीआयची मान्यता आहे का ते आरसीआयच्या वेबसाईटवर स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका, मान्यता नसेल तर रजिस्ट्रेशन मिळत नाही आणि मग वरचे दोन्ही रस्ते बंद.