तंबोऱ्याच्या प्रीअँपला ४०६९ लावू की टीएल०७२?

मिरजेच्या तंबोऱ्याला नाहीतर घरच्या गिटारला पिएझो चकती (कंपनांचा विजेचा सिग्नल करणारी) चिकटवली, की पुढे प्रीअँप (तो बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) लागतोच. स्वस्तातले दोन पर्याय आहेत: सीडी४०६९यूबी ही सहा इन्व्हर्टरांची (शून्याचं एक, एकाचं शून्य करणाऱ्या गेटांची) डिजिटल आयसी आणि टीएल०७२ हा ऑडिओतला नेहमीचा ऑप-अँप (सिग्नल वाढवायलाच बनवलेली आयसी).

डिजिटल आयसी आवाज कसा वाढवते? इन्व्हर्टरच्या आउटपुटवरून इनपुटला १ मेगओहमचा रेझिस्टर जोडला, की गेट धड शून्यावर नाही, धड एकवर नाही, असं अर्ध्या व्होल्टेजला अडकतं. सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० किलोओहमचा रेझिस्टर यांमधून आत सोडा. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) दहापट यायला हवा, पण थोडा कमीच येतो, कारण गेटचा स्वतःचा गेनच बेताचा. 'यूबी' म्हणजे अनबफर्ड, दर गेटात एकच टप्पा असलेली, ते बघूनच घ्या. बफर्ड ७४एचसी०४ मध्ये एकामागे एक तीन टप्पे असतात, ती अशा जोडणीत ऑसिलेट होत, म्हणजे स्वतःच सिग्नल काढत बसते. ७४एचसीयू०४ चालेल, पण ६ व्होल्टच्या आत. ९ व्होल्टची बॅटरी तिला लावू नका.

गिटारला मी डोळे झाकून ४०६९ लावीन. जोरात छेडलं की आवाज कडा न टोचता, गोलाईने फाटतो. हॉट ट्यूब्ज या गिटारच्या इफेक्ट पेडलमध्ये तिचीच भावंड ४०४९ होती. (४०४९ वापरलीत तर सप्लाय १ नंबरच्या पिनला द्यायचा, कोपऱ्यातल्या १६ ला नाही.)

तंबोऱ्याला मात्र नको. जवारी लावताना कारागीर तारेखालचं सूत केसभर सरकवून जो झंकार काढतो, त्यात ४०६९ स्वतःचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले जादा स्वर) मिसळते आणि सगळं गढूळ होतं. शिवाय पिएझोला १०० किलोओहमचं इनपुट फार कमी पडतं. साधारण २० नॅनोफॅरडची चकती असेल तर ८० हर्ट्झच्या खालचं उतरत जातं, म्हणजे पुरुषी स्वराचा खर्जच पातळ. रेझिस्टर दहापट केले तर खर्ज परत येतो, पण सोबत सूंऽऽ आवाजही वाढतो. टीएल०७२ चं इनपुट सहज १ मेगओहम ठेवता येतं, आवाजही स्वच्छ.

अ‍ॅडॉप्टरवर चालवणार असाल तरी टीएल०७२ च बरा. ४०६९ चा बायस (गेट अडकतं ते अर्धं व्होल्टेज) सप्लायबरोबरच हलतो, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरची घरघर थेट स्पीकरात येते. बॅटरीवर ४०६९ लावलीच, तर न वापरलेल्या गेटांचे इनपुट ग्राउंडला टाका. मोकळे सोडले तर तीही फुकट करंट खातात.

स्पीकर दोघांनाही झेपत नाही. त्यासाठी पुढे एलएम३८६ ही छोटा स्पीकर चालवणारी आयसी जोडा.