टॅपवरची बिअर: ठाणे-नवी मुंबईतल्या मायक्रोब्रुअरी कुठे जमतात, कुठे फसतात

काचेआडच्या चकचकीत स्टीलच्या टाक्या पाहून बिअरबद्दल काहीही ठरवू नये. टाकीत बिअर बहुतेक वेळा ठीकच असते. ती बिघडते टाकीपासून नळापर्यंतच्या काही मीटरच्या वाटेवर. २००९ मध्ये पुण्यात डूलाली या कंपनीनं राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी (जागच्या जागी बिअर बनवून विकणारं छोटं ठिकाण) सुरू केली, त्यानंतर हे लोण खाडीच्या अलीकडे-पलीकडेही आलं. आता घोडबंदर रोड असो की वाशी-बेलापूर, ताजी बिअर मिळणं अवघड राहिलेलं नाही. नळ्या धुणारा माणूस मिळणं अवघड आहे.

आधी काय मागवावं ते. डोळे मिटून मागवावी ती हेफेवायझन, म्हणजे गव्हाची गढूळ जर्मन बिअर. धान्य ते ग्लास हा तिचा प्रवास दोन-तीन आठवड्यांत होतो, ती गाळावी लागत नाही, आणि सगळ्यांत जास्त खपत असल्यामुळे शिळी होण्याआधी संपते. केळं आणि लवंग हे दोन्ही वास यीस्टमधूनच येतात, बाहेरून काही घातलेलं नसतं. किण्वन १८ ते २२ अंशांत झालं तर दोन्ही तोलात राहतात. एप्रिल-मेमध्ये चिलरवर ताण आला आणि टाकी तापली की केळ्याचं बबलगम होतं, त्यामागून नेलपॉलिशसारखा तिखट वास येतो. असा ग्लास परत करायला संकोच करू नये. बेल्जियन विटमध्ये (तीही गव्हाचीच बिअर) संत्र्याची साल आणि धने असतात. धन्यांचा हात सैल सुटला की साबणाची चव येते, आणि आपल्याकडे तो हात बऱ्याचदा सुटतो.

लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर, मात्र जपून. तिला थंड टाकीत किमान चार ते सहा आठवडे निवांत पडू द्यावं लागतं. मोजक्याच टाक्या असलेल्या ठिकाणी तेवढा काळ एक टाकी अडकवून ठेवणं परवडत नाही, म्हणून ती लवकर नळावर चढते. घाईची लागर ओळखणं सोपं आहे: हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी आहे, लोण्याचा किंवा पॉपकॉर्नचा आला तर यीस्टला स्वतःच तयार केलेलं डायअसिटिल (लोण्याच्या वासाचं द्रव्य) साफ करायला वेळच मिळालेला नाही. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळणं किंवा त्यानंतरचं गार करणं कमी पडलं. नुसती स्वच्छ, गार लागरच प्यायची असेल तर तळोजा एमआयडीसीत युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना आहेच. त्या जातीची बाटली स्वस्तात मिळते, आणि पाश्चराइज केलेली असल्यामुळे टिकतेही. टॅपरूममध्ये जास्त पैसे मोजायचे ते बाटलीत न मिळणाऱ्या चवीसाठी.

आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची कडवट बिअर) घेताना विचारायचा प्रश्न एकच: हा केग, म्हणजे बिअरचं पिंप, कधी भरला? हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, बाहेरून येतात, आणि त्यांचा फळांचा-फुलांचा वास काही आठवड्यांत विरतो. मागे उरतो तो कडवटपणा. जुने किंवा उबेत राहिलेले हॉप्स वापरले असतील तर चीजसारखा वास येतो. सर्व्हरला तारीख सांगता आली नाही आणि त्यानं आत जाऊन विचारलंही नाही, तर गव्हाकडे परत वळावं.

उन्हाळ्यात सगळीकडे हापूसची बिअर निघते. गर टाकीत गेल्यावर यीस्ट त्यातली साखर खातं, गोडवा जातो आणि आंब्याचा सुगंधही बराचसा उडतो. तो परत आणायला शेवटी सिरप ओतलं जातं, तिथेच सरबताची चव येते. चांगली केलेली हापूस बिअर कोरडी लागते, आंबा फक्त नाकाला आणि घोटाच्या शेवटी जाणवतो. ती गढूळ दिसली म्हणून नाक मुरडू नये, तो गरातल्या पेक्टिनचा परिणाम आहे. या प्रकारापेक्षा कोकम किंवा जांभळाची आंबट बिअर जास्त जमून येते, कारण त्या फळांचा आंबट-तुरटपणा साखर संपल्यावरही टिकतो.

आता नळ. नळ्यांमध्ये यीस्ट, प्रथिनं आणि खनिजांचा थर बसतो. त्यासाठी दर १४ दिवसांनी कॉस्टिक सोड्याचं द्रावण किमान १५ मिनिटं फिरवायचं, नळाचं तोंड खोलून घासायचं आणि तीन महिन्यांतून एकदा आम्लानं धुवायचं, अशी या धंद्यातली रीत आहे. ती टळली की आंबूस व्हिनेगर किंवा लोणी येतं. पारख अशी: एकाच ठिकाणच्या तीन वेगवेगळ्या बिअरमध्ये तोच आंबूसपणा असेल तर दोष नळ्यांचा. एकाच बिअरमध्ये असेल तर त्या टाकीचा किंवा केगचा. यासाठी सुरुवातीला सँपलर (छोट्या ग्लासांतले वेगवेगळे नमुने) घेणं फायद्याचं. चाखताना फिकटाकडून गडदकडे आणि सौम्याकडून कडककडे जावं, नाहीतर काळ्या, भाजक्या चवीच्या स्टाउटनंतर विट पाण्यासारखी लागेल.

दुपारच्या सुस्तीनंतरचा पहिला ग्लास बऱ्याचदा निम्मा फेसाचा येतो. नळीतली बिअर गरम झालेली असते आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड नळातच सुटतो. चांगला बारमन तो फेस ओतून देतो आणि नव्यानं भरतो. वाईट बारमन वर चमचा फिरवून तोच पुढे सरकवतो. फेस दोन-तीन सेंटिमीटर हवाच. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास तेलकट आहे, बदलून मागावा. नीट धुतलेल्या ग्लासात दर घोटाला फेसाची कडी मागे राहते.

पाण्याचाही वाटा आहे. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी मिळतं, ठाण्याला भातसाच्या बाजूचं. पावसाळ्यात गढूळ पाण्यासाठी क्लोरीन वाढवावं लागतं. ब्रुअरीनं कार्बन फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर त्या क्लोरीनमुळे बिअरमध्ये बँडेजसारखा औषधी वास शिरतो. जुलै-ऑगस्टमध्ये असा वास आला तर तो भ्रम नाही.

पिचर (मोठा जग) आणि टॉवर (टेबलावर ठेवायची नळ लावलेली उंच नळी) ही या भागातल्या टेबलांची आवड आहे, आणि बिअरच्या दृष्टीनं दोन्ही वाईट. खाडीकाठच्या दमट हवेत तीन लिटरचा टॉवर टेबलावर उभा राहिला की शेवटचा लिटर कोमट आणि निर्जीव होतो. भाव स्वस्त दिसतो, पण तो पहिल्या निम्म्या बिअरचाच. मोठ्या गटानंही ग्लासागणिक मागवावी, आणि ग्लास ३३० मिलिलिटरचा की ५०० चा हे मेन्यूवर पाहून घ्यावं. ‘पिंट’ या शब्दाखाली दोन्ही खपतात. स्टाउट फार गार आली तर दहा मिनिटं तशीच ठेवावी. ८ ते १२ अंशांत तिच्यातले कॉफी-कोकोचे स्वाद उघडतात.

खाण्यात गव्हाच्या बिअरबरोबर बोंबील फ्राय किंवा कोळंबी कोळीवाडा. झणझणीत तांबडा-पांढरा घेऊन आयपीए पिऊ नये, कडवटपणा तिखटाला आणखी पेटवतो.

राज्यात बिअरसाठी वय २१ लागतं, कडक दारूसाठी २५. म्हणजे तेविशीतल्या मित्राला बिअर चालेल, जिनचं कॉकटेल नाही. मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि २ ऑक्टोबरला नळ बंद असतात, टेबल राखून ठेवण्याआधी कॅलेंडर पाहावं. बिलात मद्यावर जीएसटी लागत नाही, तिथे व्हॅट असतो, आणि परमिट रूममधला तो व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. जीएसटी फक्त खाण्यावर, मॉलबाहेरच्या साध्या रेस्टॉरंटलाही आणि मॉलमधल्यालाही ५ टक्के. या दोन रकमा वेगळ्या दाखवलेल्या नसतील तर बिल फोडून मागावं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. सेवा आवडली नसेल तर तो काढायला सांगता येतो, आणि तो कराआधीच्या रकमेत मिसळलेला नाही ना, हेही पाहावं.