मांडवीतल्या दोन कॅसिनो बोटी, दोन पॅकेजेस
पणजीला लागोपाठ दोन रात्री दोन वेगळ्या कॅसिनो बोटींवर गेलो. पहिलीचं पॅकेज स्वस्त, पण त्यात मिळालेल्या चिप्स (पैशांऐवजी खेळायची टोकनं) वन टाइम प्ले निघाल्या, म्हणजे खेळायच्या पण कॅश काउंटरवर मोडता येत नाहीत, जिंकलात तरच पैसे हातात, आणि हे तिकीट घेताना कोणी धड सांगितलं नाही, जाम राग आला. दुसरीकडे हजारभर रुपये जास्त गेले पण काउंटरवरच्या मुलीने वन टाइम प्ले आणि कॅशमध्ये मोडता येणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या चिप्स शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला, शिवाय बुफेत सुरमई थेट तव्यावरून ताटात! मला तरी दुसरंच पटलं. वीकेंडला दर चढे असतात, सोम ते गुरु जा. २१ वर्षांखालच्यांना खेळाच्या जागेत एंट्री नाही, आयकार्ड न्याच.