एनआयसीयूतला (नवजात बाळांच्या आयसीयूतला) मेंदूचा मॉनिटर, आमचा अनुभव (४ स्टार)

बहिणीचं बाळ जन्मल्यावर रडलंच नाही, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला म्हणाले, आणि कूलिंग, म्हणजे बाळाचं अंग गार ठेवायचा उपचार, ६ तासांच्या आत सुरू करायचं असतं म्हणून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून अँब्युलन्सने इथे आणलं. ३३.५ डिग्रीवर ७२ तास ठेवलं. हात लावला तर गार, बहिणीला बघवेना.

डोक्याला इलेक्ट्रोड लावून शेजारी एईईजीचा मॉनिटर. तासाभराचा मेंदूचा करंट ६ सेंटीमीटरच्या पट्टीत दाबून दाखवतो. पहिल्या दिवशी पट्टी पार तळाला, म्हणजे मेंदूचा करंट फारच कमी. सिस्टर म्हणाल्या, फेफरं बाळाकडे बघून कळेलच असं नाही, इथे कळतं, आणि रात्री २ ला पट्टीने खरंच वर उडी मारली, बाळ मात्र शांत पडलेलं!

डॉक्टर उगाच गोड बोलले नाहीत ते आवडलं. पहिल्या काही तासांत पट्टी खराब म्हणून हाय खाऊ नका, ४८ तासांपर्यंत सुधारली तर चांगलं लक्षण, फेफऱ्याच्या औषधानेही ती दबते, आणि एमआरआय झाल्याशिवाय मी शब्द देणार नाही. तिसऱ्या रात्री पट्टी जाड-बारीक व्हायला लागली, म्हणजे झोप-जागेचं चक्र परत आलं म्हणे. आम्ही तिघं काचेबाहेरून ती पट्टीच बघत बसलेलो, बाळाकडे कमीच.

एक स्टार बिलिंगने घालवला, मॉनिटरचा चार्ज आधी कुणी सांगितलाच नाही. पार्किंगचं तर विचारूच नका. बाळ आता ५ महिन्यांचं आहे, मान धरतं, फॉलोअप चालू आहे.