ग्राफिक्स कार्डच्या पंख्यांचा आवाज ‘दुरुस्त’ करून देणाऱ्यांपासून सावध

डेस्कटॉप संगणकातील ग्राफिक्स कार्डचे, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या भागाचे, पंखे खरखर करू लागले की तो आवाज दोन मार्गांनी थांबवता येतो. झिजलेला पंखा काढून त्या जागी योग्य पंखा बसवणे हा एक मार्ग; आणि पंखा तसाच ठेवून तो वेगाने फिरणारच नाही अशी सेटिंग संगणकात गुपचूप करून ठेवणे हा दुसरा. माझ्याकडून पैसे पहिल्या मार्गाचे घेतले गेले आणि काम दुसऱ्या मार्गाने उरकले गेले. ही क्लृप्ती इतकी सोपी आहे की ती एकाच माणसाला सुचली असेल असे मला वाटत नाही, म्हणून ती कशी उघडकीस आली हे तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या कार्डाला तीन पंखे आहेत. अलीकडच्या बहुतेक कार्डांप्रमाणे, चिपचे तापमान साधारण ५० ते ६० अंशांच्या खाली असेपर्यंत ते थांबलेले असतात आणि एखादा गेम किंवा व्हिडिओचे काम सुरू झाले की फिरू लागतात. गेले काही महिने पंखे वेग घेताच, सायकलच्या चाकाला पुठ्ठा घासावा तसा आवाज येत असे आणि वेग वाढला की तो कर्कश होत असे. कार्डची वॉरंटी संपलेली असल्याने मी ते एका दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने कॅबिनेट उघडून आवाज ऐकला आणि बेअरिंग गेल्याचे सांगितले. तिन्ही पंखे बदलावे लागतील, चिपची उष्णता वरच्या कूलरकडे पोहोचवणारी थर्मल पेस्ट वाळली असणार, तीही बदलू आणि त्याच कामाच्या मऊ पट्ट्या, म्हणजे थर्मल पॅडही, नवे टाकू, असे त्याचे म्हणणे होते. यातले एकही वाक्य ऐकताना खटकण्यासारखे नव्हते. बेअरिंग झिजते, पेस्ट वाळते, पॅड कडक होतात, हे सारे खरेच असते, आणि असे निदान ऐकून कोणी शंका घेत नाही. मात्र त्याने नुसते कार्ड न घेता पूर्ण संगणक ठेवून घेतला आणि ‘चाचणीसाठी’ म्हणून पासवर्डही मागून घेतला.

संगणक परत मिळाला तेव्हा त्याने माझ्यासमोर एक गेम चालवून दाखवला. आवाज जवळपास नव्हता. बिलावर तीन मूळ कंपनीचे पंखे, पेस्ट, पॅड आणि मजुरी अशा नोंदी होत्या.

घरी आल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती संगणक सुरू करताना. बटण दाबल्यावर पहिले काही क्षण तीच जुनी खरखर स्पष्ट ऐकू येई आणि विंडोज सुरू होऊन पडदा स्थिरावला की ती नाहीशी होई. याचे कारण असे की वीज मिळताच अनेक कार्डांचे पंखे काही क्षण जोरात फिरतात. त्या वेळी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवू देणारा प्रोग्राम, चढलेला नसतो आणि विंडोजमधून चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रामचा पंख्यांवर ताबा नसतो. खरोखर नवा पंखा त्या क्षणीही खरखरणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, पूर्वी नुसते टंकलेखन करत असताना पंखे थांबलेले असत, ते आता दिवसभर एकाच संथ गतीने फिरत राहत. तिसरी गोष्ट कामाची होती: जो व्हिडिओ पूर्वी जेवण होईपर्यंत तयार होत असे, तो आता त्यानंतरही बराच वेळ रखडत होता. कुठेतरी पाणी मुरत होते.

टास्कबारच्या कोपऱ्यातील लपवलेली चिन्हे उघडल्यावर तेथे एमएसआय आफ्टरबर्नर सापडले. हा कार्डचा वेग, वीज आणि पंखे नियंत्रित करण्याचा मोफत आणि अत्यंत उपयोगी प्रोग्राम आहे. त्याचा यात काही दोष नाही. पण मी तो बसवलेला नव्हता. विंडोजसोबत सुरू होऊन लगेच लपून बसावे, अशी त्याची व्यवस्था करून ठेवलेली होती. आत पाहिले तर पॉवर लिमिट, म्हणजे कार्डला घेता येणाऱ्या विजेची मर्यादा, १०० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणले होते आणि पंखे स्वयंचलित नियंत्रणातून काढून ३५ टक्क्यांवर अडकवले होते. कार्डला वीजच कमी मिळाली तर उष्णता कमी निघते आणि संथ पंख्यांवरही वेळ निभावून जाते. शिवाय त्या गतीला झिजलेले बेअरिंग फारसे बोलत नाही. जीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये कार्डचा वेग कशामुळे रोखला जात आहे हे दाखवणारी एक ओळ असते, ती भार पडताच सतत विजेच्या मर्यादेकडे बोट दाखवत होती. आफ्टरबर्नरमधील रीसेटचे बटण दाबून तोच गेम पुन्हा चालवला, तेव्हा खरखर थोड्याच वेळात पूर्ववत परतली.

त्यानंतर कार्ड बाहेर काढून पाहिले. चिपभोवती कूलर आवळून धरणारे स्प्रिंगचे चार स्क्रू असतात, त्यांतील एकावर कंपनीचे गोल स्टिकर असते. ते स्टिकर अखंड होते, त्याच्या कडेला जुनी धूळही तशीच चिकटलेली होती. हे चारही स्क्रू काढल्याशिवाय कूलर चिपपासून सुटत नाही आणि कूलर सुटल्याशिवाय पेस्ट बदलता येत नाही, म्हणजे बिलातील पेस्ट आणि पॅड या दोन्ही नोंदी तेथेच निकालात निघाल्या. पंख्यांचे प्रकरण जरा कलाकुसरीचे होते. पाती पुसून स्वच्छ केलेली होती आणि मधल्या गोल भागावर चकचकीत नवी लेबले होती. एका लेबलाची कड नखाने उचलली तेव्हा तिच्याखाली पिवळट पडलेले मूळ लेबल निघाले. डोळ्यांत धूळ फेकणे म्हणतात, येथे तर धूळ पुसून ते काम साधले होते.

या सर्वांचे फोटो दाखवल्यावर त्या माणसाचे उत्तर असे होते, ‘‘तुम्हाला आवाज बंद करून हवा होता, तो बंद झाला होता ना?’’ जुने पंखे दाखवा म्हटल्यावर ते टाकून दिल्याचे त्याने सांगितले. मजुरी वगळून बाकीची रक्कम अखेर परत मिळाली, पण ती सेटिंगच्या आणि दुहेरी लेबलाच्या फोटोंमुळे. तोंडी वादात तो तसूभरही हलला नव्हता.

कार्ड कोणाच्याही हाती देण्यापूर्वी आवाज नेमका कोठून येतो हे घरीच पाहता येते, आणि तेच मुख्य संरक्षण आहे. कार्डवर कोणताही भार नसताना आफ्टरबर्नरमधून पंख्यांचा वेग ४०, ६० आणि ८० टक्के असा हाताने ठरवावा. वेगाबरोबर खरखर बदलत असेल तर दोष पंख्यात आहे. पंखे संथ असताना, पण गेमच्या मेनूसारख्या ठिकाणी शेकडो फ्रेम (चित्रे) प्रतिसेकंद निघत असताना बारीक किणकिण किंवा शिट्टी येत असेल, तर तो कार्डवरील कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचा, आवाज आहे. फ्रेमची संख्या मर्यादित केल्यावर तो बहुधा कमी होतो आणि पंखे कितीही बदलले तरी जात नाही. नुसता हवेचा घोंघाट वाढला असेल तर कूलरच्या पातळ पट्ट्यांत साठलेली धूळ किंवा वाळलेली पेस्ट हे कारण संभवते. ठरावीक टकटक येत असेल तर एखादी वायर पात्याला लागत नाही ना, हे आधी पाहावे. कित्येक ‘बिघडलेले’ पंखे एवढ्यावरच बरे होतात. अनेक पंख्यांपैकी दोषी कोणता हे शोधण्यासाठी, वेग अगदी कमी ठेवून, पेन्सिलचे रबर लावलेले टोक पंख्याच्या मध्यभागी अलगद टेकवावे. पात्यांना स्पर्श करू नये. ज्या पंख्याची गती रोखताच खरखर थांबते, तो गुन्हेगार.

हे करताना प्रत्येक वेगाला मोबाइल एकाच अंतरावर ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि पडद्यावर दिसणारा प्रतिमिनिट फेऱ्यांचा आकडा सोबत लिहून ठेवावा. दुरुस्तीनंतर त्याच वेगांवर तीच चाचणी घ्यायची असते. दुरुस्तीवाल्याने निवडलेला गेम आणि त्याने निवडलेला वेग यांवरून काहीच सिद्ध होत नाही. पंख्यांवरची लेबले, वायरींचे जोड आणि स्क्रूवरील स्टिकर यांचे फोटो आधीच काढून ठेवावेत. पंखे बदलण्यासाठी संगणकाची गरज नसते, पासवर्डची तर नाहीच; द्यायचे ते नुसते कार्ड, आणि काढलेले पंखे परत हवेत हे पावतीवर लिहून घ्यावे. कार्डच बदलले जाण्याची धास्ती असेल तर त्यावरील अनुक्रमांक टिपून ठेवावा आणि मेमरी चिप कोणत्या कंपनीच्या आहेत हे जीपीयू-झेडमध्ये पाहून ठेवावे. आणि संगणक मागे ठेवावाच लागला, तर परत आल्यावर लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीच्या) पेन ड्राइव्हवरून तो एकदा सुरू करून पाहावा, कारण विंडोजमध्ये लपवलेली सेटिंग तेथे लागू होत नाही.

माझ्या कार्डाचे काम पुढे मी स्वतःच केले. पंखा निवडताना केवळ व्यास जुळून भागत नाही. स्क्रूच्या छिद्रांमधील अंतर, जोडाचा आकार आणि त्यातील वायरींचा क्रमही जुळावा लागतो, म्हणून मूळ लेबलावरचा मॉडेल क्रमांक पाहून तोच मागवणे उत्तम. स्वस्त पंख्यांत साधारणतः स्लीव्ह बेअरिंग असते आणि उष्णतेत त्यातील वंगण लवकर संपते. दुहेरी बॉल बेअरिंगचा पंखा थोडा अधिक आवाज करतो, पण बहुधा जास्त टिकतो. पेन्सिलची चाचणी केली तेव्हा खरखर फक्त मधल्या पंख्याची निघाली. तो एकच बदलला. बाकीचे दोन, ज्यांचेही बेअरिंग गेल्याचे मला सांगण्यात आले होते, ते अजून व्यवस्थित चालू आहेत.